पलंगाखाली लपणाऱ्या मुलांसाठी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मीटर केबिनमधून धूर निघाला. भांडुप पश्चिमेला आमची सोळा मजल्यांची पुनर्वसन इमारत आहे. आग म्हणावी अशी ती नव्हतीच. एका केबलचं आवरण जळलं, कुणीतरी मेन स्विच पाडला आणि बंब येईपर्यंत ज्वाळा राहिल्या नव्हत्या. पण धूर जिन्याने आणि वायरिंगच्या डक्टमधून सरळ वर चढला. सहाव्या मजल्यावर आमच्या समोरच्या घरातून मुलाच्या रडण्याचा आवाज येत होता. आई दूध आणायला खाली गेली होती, पाच मिनिटांत येते म्हणून बाहेरून कडी लावून. मी कडी काढून दार उघडलं, तोवर रडणं थांबलं होतं आणि मूल कुठेच दिसेना. शेजारचे गॅलरीत बघू लागले. मी गुडघ्यावर बसून पलंगाखाली हात घातला. पाच वर्षांचा तो मुलगा भिंतीला चिकटून, उशी तोंडावर धरून पडला होता.

तुम्हाला कसं कळलं, असं मला सगळ्यांनी विचारलं. मी १९८४ ते २०१९ मुंबई अग्निशमन दलात होतो, निवृत्त झालो तेव्हा तांडेल, म्हणजे लीडिंग फायरमन होतो. लहान मूल आगीत पळत नाही, लपतं. पलंगाखाली, कपाटात, मोरीत, गाद्यांच्या वळकटीमागे. मला काही दिसत नाही म्हणजे मीही कुणाला दिसत नाही, हा त्याचा हिशोब. चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत हे इतक्यांदा पाहिलंय की आत मूल अडकलंय असं कळलं की आम्ही खोलीच्या मध्यात वेळ घालवत नसू. भिंत धरून, हात जमिनीवर फिरवत, सामानाखाली चाचपत जायचो.

नव्वदच्या दशकातली एक वर्दी सांगतो. आगीच्या खबरेला आमच्याकडे वर्दी म्हणतात. मध्य मुंबईतली चाळ, दुसरा मजला, संध्याकाळची वेळ, स्टोव्हचा भडका. आई खाली चौकात "पोरगा वर आहे" एवढंच ओरडत होती. आम्ही दोघे श्वसनसंच लावून आत शिरलो. मी त्याच्या नावाने हाका मारत होतो, उत्तर नाही. पलंगाखाली पत्र्याची ट्रंक होती. तिच्यामागे हात घातला आणि बोटांना एक छोटं पाऊल लागलं. मी ते धरलं तर त्याने ओढून घेतलं. शुद्धीवर होता. माझी एकूण एक हाक त्याने ऐकली होती. दोन दिवसांनी रुग्णालयात बघायला गेलो, तेव्हा साध्या शर्टातल्या मला त्याने सांगितलं, "तोंडाला सोंड असलेला माणूस आला होता, घुर्र घुर्र करत. म्हणून मी ट्रंक पुढे ओढून घेतली." तो माणूस मीच. मुखवट्यातून श्वासाचा आवाज तसाच येतो, आणि धुरात, टॉर्चच्या उजेडात आमचं तोंड माणसाचं वाटत नाही.

सगळीच पावलं अशी वेळेत हाताला लागली नाहीत. त्याबद्दल अधिक लिहिवत नाही.

त्या मुलाला कुणी एकदा, फक्त एकदा, तो मुखवटा दाखवला असता, तो आवाज ऐकवला असता आणि "हा काका तुला न्यायला येतो, त्याला ओ द्यायची" असं सांगितलं असतं, तर आमची काही मिनिटं वाचली असती. धुरात काही मिनिटं म्हणजे सगळंच. उलट आपण घरोघरी काय शिकवतो? जेव, नाहीतर पोलीस घेऊन जाईल. झोप, नाहीतर बुवा येईल. गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचेल. संकटात जी माणसं धावून येणार त्यांचीच भीती आपण मुलांच्या मनात आधी घालून ठेवतो. सगळ्या आया, आज्या आणि वडिलांना हात जोडून विनंती आहे, हे बंद करा. घरी मीही माझ्या मुलीला ते म्हणायचो. त्या रुग्णालयातून आल्यावर एकदाही म्हटलं नाही.

आता शाळांबद्दल. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली याच दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये कापूस आणि स्फोटकं भरलेलं 'फोर्ट स्टिकीन' जहाज पेटलं आणि आमच्या दलाचे ६६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा सप्ताह देशभर पाळतात, आणि तो पाळलाच पाहिजे. सेवेत असताना या सप्ताहात मी कितीतरी शाळांत गेलो. पण १४ तारखेला आंबेडकर जयंतीची सुट्टी, आणि पुढचे दिवस वार्षिक परीक्षेचे. मुलांच्या डोक्यात गणिताचा पेपर. मोठ्या वर्गांना मैदानात उभं करतात, आम्ही होज धरून फवारा उडवतो, टाळ्या पडतात. शिशुवर्ग आणि पहिली-दुसरी तोवर घरी गेलेली असते. नंतर दीड-दोन महिने सुट्टी. जूनमध्ये शाळा उघडते ती धो धो पावसात, आणि एप्रिलमधलं कुणाच्याही लक्षात नसतं.

नातीच्या शाळेत यंदा जानेवारीत सराव झाला. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण मी पाहिलेल्या बहुतेक शाळांत असंच होतं. आदल्या दिवशी सूचना गेली, किती वाजता घंटा होणार तेही सांगितलं. घंटा झाली, मुलं जोडीजोडीने रांगेत उतरली, फोटो निघाले. लहान वर्गांना मात्र जागेवरच बसवून ठेवलं होतं, कारण "लहान आहेत, घाबरतील". मागच्या फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली रखवालदाराकडे, तो पुढच्या फाटकाशी. मी मुख्याध्यापिकाबाईंना भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या वेळात मागच्या फाटकाला नुसती कडी लागते. त्यांचे मनापासून आभार. पण लहान मुलांचा सराव अजून झालेला नाही.

१६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणम येथे एका शाळेत मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून आग छपराच्या झावळ्यांना लागली आणि ९४ मुलं गेली. ती लहान वर्गांतलीच होती. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांच्या अग्निसुरक्षेबद्दल आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल निर्देश दिले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वंही २०१६ पासून आहेत. म्हणजे कागद भरपूर आहे. बिहारमध्ये 'सुरक्षित शनिवार' म्हणून शाळांत शनिवारी मुलांना आग, पूर, वीज, भूकंप यांबद्दल शिकवतात. बिहारच्या खेड्यातल्या शाळेला शनिवारचा वेळ सापडतो, तर मुंबईच्या शाळांना का सापडू नये?

लहान मुलं घाबरतात हे खरं, पण कशाला? मोठ्यांच्या चेहऱ्याला, आणि आपण काय करायचं हे माहीत नसण्याला. हातापायांना काम दिलं की भीती निम्मी होते. निवृत्तीनंतर मी आमच्या गच्चीवर रविवारी सकाळी इमारतीतल्या लहान मुलांना घेऊन बसतो. तक्ता नाही, भाषण नाही. जुनी डबल बेडची चादर घ्यायची, दोन मोठ्यांनी दोन बाजूंनी कमरेइतक्या उंचीवर ताणून धरायची. चादर म्हणजे धूर. स्टीलची थाळी वाजली की सगळ्यांनी चादरीखालून रांगत पलीकडच्या भिंतीला हात लावायचा. डोकं चादरीला लागलं तर तो धुरात गेला, पुन्हा पहिल्यापासून. मी त्यांना तीनच गोष्टी म्हणायला लावतो: वाका, रांगा, हाक मारा. धूर वर चढतो, बरी हवा जमिनीलगत असते, हे शास्त्र त्यांना पुढे कळेल. शरीराला ते आत्ताच कळतं. चार वर्षांची एक मुलगी पहिल्या दिवशी आजीचा पदर सोडत नव्हती. तिसऱ्या रविवारी तीच थाळी वाजवायला मागत होती.

त्यांचे प्रश्नही ऐकण्यासारखे असतात. एका मुलाने विचारलं, "मग माझ्या मांजरीला कोण आणणार?" मुलांशी खोटं बोलायचं नाही, असा माझा नियम आहे. मी म्हटलं, "आम्ही बघू. पण एकदा बाहेर आलास की तू परत आत जायचं नाहीस, मांजरीसाठीही नाही, दप्तरासाठीही नाही." तो रडवेला झाला, मग विचार करून म्हणाला, "मी बाहेरूनच तिला हाक मारीन." मोठी माणसं याच एका बाबतीत चुकतात. दागिने, कागदपत्रं, मोबाइल आणायला परत आत गेलेल्या किती जणांना आम्ही बाहेर काढलंय.

शिकवलेलं उपयोगी पडतं का, याचं उत्तर मुंबईतच आहे. २२ ऑगस्ट २०१८ ला परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर आग लागली, चार जण दगावले. त्याच इमारतीत राहणाऱ्या सहावीतल्या दहा वर्षांच्या मुलीने धूर भरल्यावर सुती कपडा फाडून ओला केला, घरच्यांना आणि शेजाऱ्यांना नाकातोंडावर धरायला दिला आणि सगळ्यांना शांत ठेवलं. पुढे तिला शौर्य पुरस्कार मिळाला. हे तिने तिसरीत असताना शाळेच्या एका प्रकल्पात शिकलं होतं. तिसरीत! एक खुलासा मात्र आमच्या कामाचा म्हणून करतो. ओल्या कपड्याने काजळी अडते, विषारी वायू अडत नाही. कपडा धरून उभ्याने धुरात चालत सुटायचं नाही, खालीच राहायचं. दार उघडण्यापूर्वी हाताची मागची बाजू दाराला लावून बघायची. गरम लागलं तर उघडायचं नाही, फटीला ओला टॉवेल लावायचा आणि खिडकीशी येऊन कपडा हलवायचा. लिफ्टकडे फिरकायचं नाही. कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही, तोंड हातांनी झाकून जमिनीवर लोळायचं. सहा वर्षांचं मूल हे सगळं करून दाखवतं. माझ्या नातीने दाखवलंय.

आगीइतकंच मुंबईच्या मुलांना पाणी शिकवायला हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७५ मिलीमीटरसुद्धा नाही. त्यामुळे फोर्टात, चर्चगेटला कामावर असलेल्या आईबापांना कुर्ला-कलिन्यात काय चाललंय याची कल्पनाच नव्हती. २७ तारखेला सकाळी आम्ही पूर्व उपनगरातल्या एका शाळेत पोहोचलो. रात्रभर पहिल्या मजल्यावर चाळीसेक मुलं आणि दोन बाई. त्या बाईंनी एकही मूल घरी सोडलं नव्हतं, म्हणून सगळी सुखरूप होती. संध्याकाळी वीज जाण्याआधी त्यांनी बॉलपेनने प्रत्येकाच्या हातावर नाव आणि घरचा फोन नंबर लिहून ठेवला होता. रात्रभरच्या ओलीने निम्म्या हातांवरची शाई पसरली होती. मी एकेक हात टॉर्चखाली धरून वाचायचा प्रयत्न करत होतो, शेवटचे आकडे लागत नव्हते. ज्यांना नंबर पाठ होता त्यांच्या घरी फोन सुरू होताच निरोप गेला. एका पाच वर्षांच्या मुलाला विचारलं, बाबांचं नाव काय? म्हणाला, "पप्पा." घर कुठे? "आजीच्या वर." त्याचे वडील रात्रभर छातीभर पाण्यातून चालत दुपारी आले, तोपर्यंत तो कुणाचा हे कुणाला ठाऊक नव्हतं.

तेव्हा निदान घरोघरी टेलिफोन होते आणि मुलं नंबर ऐकून ऐकून पाठ करायची. आज सगळे नंबर मोबाइलच्या पोटात. गच्चीवरच्या चौदा मुलांना मी आईचा नंबर विचारला, दोघांनाच सांगता आला. मोबाइल उघडून स्वतःचं कार्टून लावता मात्र सगळ्यांना येत होतं. मग आम्ही पाढ्यांच्या चालीवर, टाळ्या वाजवत, प्रत्येकाचा नंबर त्याला म्हणायला लावला. आठ-दहा दिवसांत बहुतेकांना आला. खर्च शून्य. शिशुवर्गाच्या बाईंनी रोज प्रार्थनेनंतर दोन मिनिटं काढली तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वर्गातलं एकही मूल "पप्पा" एवढंच सांगणारं राहणार नाही.

नंबरासोबत पत्ता. वर्दी देणारी मोठी माणसंही सांगतात, "हनुमान मंदिराजवळ, लवकर या." मुंबईत हनुमान मंदिरं किती! मुलाला इमारतीचं नाव, मजला, रस्ता आणि स्टेशनची पूर्व की पश्चिम, एवढं यायला हवं. १०१ किंवा ११२ लावून काय झालंय, कुठे झालंय ते सांगायचं आणि पलीकडच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. माझी नात हे खेळण्यातल्या फोनवर करते, मी पलीकडून मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न विचारतो. पावसात शाळेतून आणायला ठरलेल्या माणसांखेरीज कुणी आलं तर परवलीचा शब्द विचारायचा, हेही तिने शिकून घेतलंय. आमचा शब्द अर्थातच इथे लिहीत नाही. विजेच्या खांबाला आणि दुकानाच्या ओल्या शटरला हात लावायचा नाही. रस्त्यावरच्या पाण्यात भोवरा फिरताना दिसला की मागे व्हायचं, कारण खाली उघडं मॅनहोल असू शकतं. भूकंपाचं थोडक्यात: टेबलाखाली शिरून टेबलाचा पाय घट्ट धरायचा, हादरे थांबेपर्यंत सोडायचा नाही.

पालकांच्या वाट्याचं काम मात्र मुलांवर ढकलता येणार नाही. मुलाला आत ठेवून बाहेरून कडी लावणं ही मुंबईतल्या घरोघरची सवय आहे. पाण्याची वेळ, दूध, खाली कुणी आलंय, पाचच मिनिटं. त्या माउलीला मी दोष देत नाही. मोठ्या मुलाला क्लासला सोडून, डबे करून, नोकरी सांभाळून ती एकटी किती पुरी पडणार? पण शेजारी हाक मारून मूल दोन मिनिटं तिथे बसवणं जमण्यासारखं आहे. खिडक्यांना पेटीसारखं ग्रिल ठोकून घेतात, त्याला उघडणारी झडप नसते. आम्हाला कटरने गज कापत बसावं लागतं आणि आत माणूस हात बाहेर काढून उभा असतो. सेफ्टी दरवाजाला आतून कुलूप, आणि किल्ली मुलाच्या हाती लागू नये म्हणून टीव्हीच्या वर टांगलेली. चोराचा विचार होतो, धुराचा होत नाही.

शिक्षण विभागाला आणि महापालिकेला माझी विनंती एवढीच आहे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक शाळेत सराव व्हावा, न सांगता व्हावा, आणि त्याची सुरुवात शिशुवर्ग, पहिली आणि दुसरीपासून व्हावी. जिथे पाणी भरतं तिथे मुलं घरी सोडायची नाहीत तर ती कोणत्या मजल्यावर, कुणाच्या ताब्यात राहणार हे पालकांना आधी लेखी कळवावं. अग्निशमन केंद्रांनी वर्षातून एक दिवस फक्त आठ वर्षांखालच्या मुलांना बोलावून श्वसनसंचाचा मुखवटा हातात द्यावा. घालून बघू द्यावा. आतून येणारा आवाज ऐकू द्यावा. आपल्या वृत्तपत्राने मुलांच्या पानावर मुखवट्यातल्या जवानाचं मोठं छायाचित्र छापलं तर मी ते आमच्या इमारतीत मजल्या-मजल्यावर लावीन.

त्या दिवशी पलंगाखाली सापडलेला मुलगा आता रविवारी गच्चीवर येतो. चादरीखालून रांगताना तो अजून डोळे मिटून घेतो, म्हणून त्याच्या पुढे मी स्वतः रांगतो आणि त्याला माझा पाय धरायला सांगतो. त्याच्या आईने सेफ्टी दरवाजाची किल्ली टीव्हीवरून काढली आहे. दाराशेजारी, जमिनीपासून अडीच फुटांवर मी तिला खिळा ठोकून दिला. मुलाने त्याच्या हाताने मोजून उंची ठरवली, आणि रात्री झोपण्यापूर्वी किल्ली खिळ्यावर आहे की नाही हे तोच बघतो.

आपला,
एक निवृत्त अग्निशामक
भांडुप (प.), मुंबई